पहिल्या आखाजीचं माहेर

सुरतेतल्या उधन्याच्या त्या गल्लीत कमलसमोर गावाचा विषय कुणी मुद्दाम काढत नसे. काढायची गरजच नसायची. कुणी म्हणालं, आज फार उकडतंय बाई, की कमल म्हणायची, उकाडा पाहावा तर आमच्या बोरझिऱ्याचा. कुणाकडे भरताची वांगी आली, तर बोरझिऱ्याची वांगी. कुणाचं पोर ओट्यावरून पडून रडायला लागलं, तर बोरझिऱ्यात अमक्याचं पोर विहिरीत पडून हसत हसत वर आलं होतं. नमनालाच घडाभर तेल जायचं आणि मूळ गोष्ट संध्याकाळच्या पाण्याच्या वेळेपर्यंत चालायची.

सुरतेत ती लग्न होऊन आली तेव्हा उधन्यात चाळी कमी आणि चिखल जास्त होता. रेल्वेलाइनच्या अंगाला एक लांबलचक चाळ, तिच्यात एक खोली, पुढे ओटा, आणि समोर मागांची शेड. सुरतेत तिला खातं म्हणतात. त्या खात्यातले माग दिवसरात्र खटाखटा चालायचे. कमलचा नवरा लोटू रंगाईच्या मिलमध्ये कामाला होता. देवाने दोघांच्या वाट्याचं बोलणं एकट्या कमलला देऊन टाकलं होतं, त्यामुळे लोटू निवांत असायचा. त्याला गाव असं नव्हतंच. आईबाप लहानपणी गेले, एका नातेवाइकाने त्याला सुरतेला आणलं, आणि गाव कुठलं विचारलं की तो "उधना" म्हणून मोकळा व्हायचा. कमलला हे उत्तर ऐकून वाईट वाटे. उधना हे काय गाव झालं?

ती घरबसल्या साड्यांचे धागे कापायची. बाजारातून गठ्ठे यायचे, साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने उडवायचे आणि घडी घालून परत द्यायचं. गल्लीतल्या बायका आपापले गठ्ठे घेऊन तिच्याच ओट्यावर येत. या कामाला हात लागतात, कान मोकळेच असतात. मोकळे कान कमल वाया जाऊ देत नसे.

बोरझिरं म्हणजे खानदेशातल्या बुराई नदीच्या काठचं चारदोन गल्ल्यांचं गाव. नदीचं नावच बुराई. शेजारची बनारसकडची बाई पहिल्यांदा हे ऐकून दचकली होती. "बुराई के किनारे पली हो, तभी!" असं ती म्हणाली आणि गल्ली हसून लोटपोट झाली. पण कमलच्या तोंडची ती नदी सगळ्यांना पाठ झाली होती. गावात तीन भिकन होते. एक भिकन इंजिन, कारण तो चालताना फुसफुसायचा. दुसरा भिकन डॉक्टर, कारण त्याने एकदा शेळीला आपली तापाची गोळी दिली होती आणि शेळी वाचली होती. तिसरा भिकन उद्या. त्याच्याकडे काहीही मागा, तो उद्या देतो म्हणायचा. या तिसऱ्या भिकनचं लग्न ठरलं तेव्हा गावानं तारीख विचारली नाही, असं कमल सांगायची आणि बायकांच्या हातातल्या कात्र्या थांबायच्या. कमलला स्वतःला गाव भिंगरी म्हणत असे. का, ते सांगायला नकोच.

पण गोष्टींचा राजा म्हणजे आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. खानदेशातल्या लेकीला विचारा, दिवाळी नसली तरी चालेल, पण आखाजीला माहेर पाहिजे. घरोघरी मुराळी निघतात, बहिणींना, लेकींना आणतात. कडुनिंबाला झोके बांधतात. सांजोऱ्या तळतात, पितरांच्या नावानं घागर भरतात. गौराई नदीवर न्यायची तेव्हा अलीकडच्या काठावर बोरझिऱ्याच्या बायका, पलीकडच्या काठावर शेजारच्या गावच्या, आणि मग एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार. वर्षभर सासरी गिळलेलं सगळं त्या दिवशी नदीत ओतून यायचं. शिव्यांत भिंगरीचा हात धरणारी पंचक्रोशीत नव्हती. हे सांगताना कमलचा चेहरा असा काही उजळायचा की ऐकणारीला वाटावं, आपणही उठावं आणि समोरच्या खात्यालाच दोन शिव्या हासडाव्यात.

एक ऐकणारी मात्र कंटाळलेली असायची. तिची मुलगी वर्षा. "मम्मी, हवे बस ने!" म्हणजे आता पुरे कर ना, असं गुजरातीत म्हणून ती कोपऱ्यावरच्या पोरींत पळायची. घरात आईच्या अहिराणीला शाळेतल्या मराठीत उत्तर, गल्लीत गुजराती, भांडताना हिंदी, असा तिचा सगळा कारभार. कमल तिच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे पाहून हळहळायची. या पोरीला नदी नाही, झोका नाही, तीन भिकन नाहीत. पोटभर खायला मिळालं, शाळा मिळाली, पण बालपण म्हणावं असं काही मिळालं नाही. उद्या ही सासरी गेली तर आठवील काय? मागांची खटखट? हे दुःख कमलचं खरं होतं, आणि ती ते उघड बोलूनही दाखवायची.

वर्षाचं लग्न दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात ठरलं. मुलगा धर्मेंद्र ट्रॅक्टर चालवायचा, घरची शेती होती. पण वचक होता तो त्याच्या आईचा, धुरपदाबाईचा. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि बोलणं कमी. सुपारी फुटली त्या दिवशी मांडवात बायकांची गर्दी होती, पोरं रडत होती, आणि त्या गलक्यात धुरपदाबाईनं नव्या विहिणीला विचारलं, "माहेर कोठलं वं?"

आता हा प्रश्न बाईमाणसाला जन्मभर विचारला जातो, आणि त्याचं उत्तर ओठांवरच असतं. "बोरझिरं!" कमल म्हणाली. आणि एकदा बोरझिरं म्हटल्यावर ती थांबते थोडीच? नदी आली, निंब आला, झोका आला, दारापुढचं अंगण आलं, सांजोऱ्यांची परात आली. धुरपदाबाई शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि "बरं शे" एवढंच म्हणाली.

लग्न चैत्राच्या आधी झालं. आखाजी जवळ आली तसा किसन निरोप घेऊन आला. किसन धुरपदाबाईच्याच गावचा, लोटूच्याच मिलमध्ये कामाला. इकडचे निरोप तिकडे आणि तिकडची लोणची इकडे, असं त्याचं चाले. ओट्यावर बूड टेकवून तो म्हणाला, "इहीनबाईनी सांगं शे, वर्षाले आखाजीले धाडसू. पन मी सोता संगे येसू. इतलं आयकं, ते माहेर माले एकदाव मन्हा डोयाघाई दखनं शे."

किसन चहा पिऊन गेला आणि कमलची पाचावर धारण बसली. मांडवातला तो प्रश्न तिला आता नीट ऐकू आला. विहिणीनं विचारलं होतं नव्या सुनेचं माहेर, आणि आपण सांगून बसलो स्वतःचं! धुरपदाबाईला वाटत असणार, पोरीचे आईबाप पोटासाठी सुरतेला राहतात, पण घरदार, झोका, अंगण सगळं बोरझिऱ्यात आहे. आणि आता ती बाई ते पाहायला येणार.

"सांगी टाक," लोटू म्हणाला. "आमनं घर आठेच शे म्हना."

"काय सांगू? खोटं बोलनू म्हनी सांगू?" कमल त्याच्यावर उसळली. तिचं काय व्हायचं ते होवो. पण पोरीची पहिली आखाजी होती. पहिल्या आखाजीला जे घडतं ते सासरची माणसं विसरत नाहीत. भाकरी करपली तरी तेच निघतं, पोर आजारी पडलं तरी तेच निघतं. थापाड्या मायची लेक, हे नाव वर्षाच्या कपाळी कायमचं चिकटलं असतं, आणि चिकटवणारा दुसरा कुणी नाही, आपली जीभ.

कमलच्या भावाचं नाव राघो. तो सुरतेतच कतारगामला मागावर होता. भावाला घेऊन ती बोरझिऱ्याला निघाली. घर झाडून, सारवून, चार दिवसांपुरतं उभं करता आलं तर पाहू, असा तिचा विचार. चुलता गेल्यापासून तिचं पाऊल तिकडे पडलं नव्हतं, पण डोळ्यांपुढे सगळं जसंच्या तसं होतं. पॅसेंजरमध्ये ती राघोला कामं वाटून देत होती. तू दोर आण, मी शेण मागून घेते.

घर उभं होतं, पण पुढच्या भिंतीपुरतं. मागे धाब्याच्या छताची माती खाली आली होती, आणि जिथे आई चुलीपुढे बसायची तिथे चुलतभाऊ सखारामची म्हैस रवंथ करत होती. निंब होता. झोक्याची फांदी मात्र विजेच्या तारांखाली येते म्हणून कधीच छाटली होती. बुराईत पाण्यापेक्षा वेड्या बाभळी जास्त होत्या. सखारामनं गूळ-पाणी दिलं, खाटेवर बसवलं, आणि सगळं ऐकून घेऊन तो कसनुसं हसला.

"बइन, घरनं काय, दोन दिनमा सारवी दिसूत. पन झोकावर बसाले पोरी ते पायजेत ना! आख्खं गाव सुरतले गयं. तू आठे काय दखाले उनी?"

कमलनं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि ती उठली. गल्लीतून परतताना ओट्यावरच्या एका म्हातारीनं डोळ्यांवर हात धरून विचारलं, "कोन वं? भिंगरी का?" कमल तिच्याजवळ बसली आणि तीनही भिकनांची चौकशी केली. इंजिन गेला होता. डॉक्टर सुरतेत लिंबायतला होता, मुलाजवळ. उद्या होता, पण त्याला आता ऐकू येत नव्हतं. कमलनं पदर तोंडाला लावला. हसावं की रडावं तिला कळेना, आणि तिनं दोन्ही थोडं थोडं केलं.

परतीच्या गाडीत तिनं ठरवलं, झाकली मूठ आता झाकून राहायची नाही. मुराळी म्हणून राघोच जाणार होता. त्याला तिनं पढवून ठेवलं, हात जोड, सांग की गावचं घर पडलंय, बोलायच्या ओघात बहीण बोलून गेली, वर्षाला उधन्याला धाडा, आणि आपण दगदग करू नका. राघोनं मान डोलावली. राघो मान चांगली डोलवायचा.

आखाजीच्या आदल्या दिवशी कमल ओट्यावर सांजोऱ्या लाटत होती. गल्लीतल्या खानदेशी बायकांनी दरवर्षीप्रमाणे कोपऱ्यावरच्या मारुतीमागच्या निंबाला झोका बांधला होता. कमल त्या झोक्यावर कधी बसायची नाही. हा कसला झोका, असं म्हणून ती नाक मुरडायची. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी राघो दिसला, हातात पिशव्या. त्याच्यामागे वर्षा, हिरवा चुडा भरलेली. आणि वर्षाच्या मागे रुपयाएवढं कुंकू.

कमल लाटणं ठेवून उठली. राघो जवळ येऊन हळूच म्हणाला, "आक्का, मी सांगनारच व्हतू. पन त्यासनी पिशवी पहिलेच भरी ठेयेल व्हती."

विहिणीचे पाय धुवायला पाणी दिलं, पाट दिला, खण-नारळाची ओटी भरली. शेवटी तिनं वर्षाला पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर काढलं आणि एकदमच बोलून टाकलं, "इहीनबाई, मी तुमनासंगे खोटं बोलनू नही, पन खरंबी बोलनू नही. बोरझिरामा आते काहीच नही. घर पडी गयं. तठे म्हैस बांधतस. तुम्ही जे दखाले ऊनात, ते नही शे. जे बोलनं शे ते माले बोला, मन्ही पोरले काही म्हनू नका."

धुरपदाबाई सांजोरी मोडत होती. ती थांबली. "बोरझिरं?" ती म्हणाली. "ते ते तुमनं माहेर. ते मांडवमाच आयकं. मी ते मन्ही सूननं माहेर दखाले ऊनू."

कमलनं दुसरा पाट ओढला आणि ती विहिणीसमोर बसली.

"पोर नवी नवी उनी तवय तिले रातले झोपच ये ना," धुरपदाबाई सांगू लागली. "मी म्हनं, घरनी याद ई ऱ्हायनी व्हई. इचारं ते म्हने, आत्याबाई, आठे आवाजच नही! खात्याना आवाज पायजे म्हने. मंग जे सुरू व्हयनी ते आजलोंग. आमनी चूल पेटनी का हिनं उधना सुरू." तिच्या त्या करड्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "पानीना नयवर कोन कोनसंगे भांडनं, ते मन्हा ल्योकलेबी पाठ व्हई गयं. ती बनारसवाली कोठे ऱ्हास? माले पहिले तीच दखाड."

आईची जीभ लेकीनं घेतली होती, हे कमलला सासरच्या माणसांकडून कळत होतं. इतके दिवस उरावर असलेला धोंडा उतरला, पण त्याच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता, पण त्यात कुठेतरी ती ओशाळली होती.

वर्षा परत आली तशी धुरपदाबाईनं चपला घातल्या. माहेर दाखव म्हणाली. मग निघाली वरात. पुढे वर्षा, तिच्याबरोबर सासू, मागे गल्लीतल्या पोरीबाळी, आणि सगळ्यांत मागे कमल. बनारसवाली भेटली. तिने धुरपदाबाईला पेढा भरवला आणि "हमारी वर्षा, हमारी वर्षा" म्हणत डोळे पुसले. नळ दाखवला. एका पत्र्याच्या घराशेजारची गच्ची दाखवली. उतराणला, म्हणजे संक्रांतीला, वर्षानं तिथून पतंग काटला होता आणि ज्याचा काटला तो हेमंतभाई वर्षभर तिला 'काटनेवाली' म्हणत होता. कमलला हे माहीत नव्हतं. खात्यातला ओडिया मागवाला दाखवला, पोरी त्याला 'मास्टर रेडियो' म्हणायच्या, कारण माग चालू असतानाही त्याचं गाणं रस्त्यापर्यंत यायचं. हेही कमलला माहीत नव्हतं. तो माणूस रोज तिच्या ओट्यापुढून जायचा. एक भिंत दाखवली, तिच्यामागे पोरींनी मेलेल्या मांजरीला पुरून तिचं बारावं घातलं होतं, बिस्किटं वाटून.

"हाई कवय?" कमलनं विचारलं.

"मम्मी, तू त्या वेळेला ओट्यावर भिकन उद्याची गोष्ट सांगत होतीस," वर्षा म्हणाली आणि सगळ्या हसल्या. कमलही हसली, पण जरा उशिरा.

फिरत फिरत त्या चाळीच्या मागच्या बाजूला आल्या. तिथे रेल्वेलाइन होती. एक मालगाडी गेली आणि ती जाईपर्यंत सगळ्या उभ्या राहिल्या. मग वर्षा सासूला म्हणाली, "आत्याबाई, प्लेगच्या साली आम्ही इथूनच पळालो. अख्खी सुरत पळत होती. आम्ही बोरझिऱ्याला गेलो, पण गाववाल्यांनी आत घेतलं नाही. शाळेच्या ओट्यावर राहिलो. तिथली मामी भाकरी आणायची आणि लांबूनच ठेवायची."

कमल चपापली. एवढ्या वर्षांत बोरझिऱ्याच्या हजार गोष्टी तिनं सांगितल्या होत्या, ही एकच कधी सांगितली नव्हती. सांगितला होता तो फक्त परतीचा प्रवास. ती पुढे झाली आणि घाईनं म्हणाली, "आनि येताना पोर गाडीमा इतली रडनी, इतली रडनी! गाव सुटनं म्हनीसन. मी सगयासले सांगस."

"गाव सुटलं म्हणून नाही, मम्मी," वर्षा म्हणाली. "गाडी उधन्यात शिरली ना, तर खातं चालू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं होतं, सगळं बंद पडलं असेल, सगळी माणसं मेली असतील. आवाज आला आणि मला रडूच आलं. आपलं घर आलं म्हणून."

वर्षाच्या आवाजात कुठे टोचणी नव्हती. झालं ते ती सांगत होती, इतकंच. कमलला तो दिवस आठवला. आपणही त्या डब्यात रडत होतो, तोंड खिडकीकडे करून, मागे पडणाऱ्या शेतांकडे पाहत. पोर मांडीवर हुंदके देत होती आणि आपण तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होतो, उगी, परत जाऊ हं बोरझिऱ्याला. पोर कशासाठी रडतेय ते आपण विचारलंच नव्हतं.

तिला भरून आलं. लेकीला गाव नाही म्हणून ती इतकी वर्षं हळहळत आली होती. लेक गावातच वाढली होती, आणि त्या गावात आई मात्र परगावच्या गोष्टी सांगत बसली होती.

धुरपदाबाई लाइनकडे पाहत होती. पोरी झोक्याकडे पळायची वाट पाहत होत्या. कमल तिथेच लाइनकडेला पडलेल्या एका जुन्या लाकडी स्लीपरवर बसली आणि तिनं वर्षाला हाताला धरून शेजारी बसवलं.

"मंग?" ती म्हणाली. "घर उनं, मंग काय व्हयनं? पुढे सांग."